कणीक, कांदा आणि सासूबाईंचे मनगट: बेताच्या किमतीत फूड प्रोसेसर कसा निवडावा

निपाणी तालुक्यातील एका गावातून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "आमचे घर सात माणसांचे आहे. यजमान कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत, त्यांचा डबा पहाटे सहाला तयार लागतो. मी अंगणवाडीत काम करते. सासूबाईंनी उमेदीची वर्षे विड्या वळण्यात घालवली. आता त्यांची दोन्ही मनगटे दुखतात, तरी कणीक मळणे आणि कांदा चिरणे त्या सोडत नाहीत. घरात पाचशे वॅटचा जुना मिक्सर आहे आणि तो अजून चालतो. फूड प्रोसेसरसाठी मी सहा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. कोल्हापुरातील दुकानदार हजार वॅटचे आणि पुष्कळ जोडण्यांचे यंत्र घ्या म्हणतात, दीर ऑनलाइन मागवू म्हणतात, आणि यजमानांच्या मते दोरी ओढायचा छोटा चॉपर पुरेसा आहे. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की आमच्याकडे विजेचा दाबही उतरतो. काय घ्यावे?"

ताई, सासूबाईंच्या मनगटापासूनच सुरुवात करते, कारण यंत्र निवडताना तेच माप धरावे लागणार आहे. फूड प्रोसेसर मळण्याचे आणि चिरण्याचे कष्ट वाचवतो हे खरे. परंतु तो वापरण्यासाठीसुद्धा मनगट लागते. बाऊल खालच्या यंत्रावर बसवून फिरवून अडकवावा लागतो, त्यावर झाकण ठेवून तेही फिरवावे लागते, आणि ही दोन्ही कुलपे बरोबर बसल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. ही सुरक्षेची सोय आहे आणि ती हवीच. मात्र काही यंत्रांत झाकण इतके घट्ट बसते की धडधाकट माणसालाही दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी की सासूबाईंना बरोबर घेऊन दुकानात जावे आणि नमुन्यादाखल ठेवलेल्या यंत्राचा बाऊल त्यांनाच बसवायला, काढायला आणि झाकण उघडायला सांगावे. कणकेने भरलेला बाऊल पाऊण किलोहून अधिक जड होतो, तेव्हा मूठही हाताशी धरून पाहावी. त्यांच्या हाताला जे झाकण सहज फिरते तेच यंत्र आपल्या घरी वापरले जाईल. जे फिरत नाही ते कितीही नावाजलेले असले तरी महिन्याभरात माळ्यावर जाईल. ही गोष्ट ऑनलाइन छायाचित्रावरून कळणारी नाही, त्यामुळे दीरांच्या सूचनेला माझी पहिली हरकत इथेच आहे.

आता यंत्राकडून कोणते काम घ्यायचे ते पाहू. आपल्या पत्रात दोनच कामांचा उल्लेख आहे, कणीक आणि कांदा, आणि माझ्या मते या दोन कामांवरच निर्णय व्हावा. मिक्सरच्या भांड्यातील पाते मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते. ते वाटण्यासाठी आहे, चिरण्यासाठी नाही, म्हणूनच मिक्सरमध्ये घातलेल्या कांद्याला पाणी सुटून त्याचा लगदा होतो. प्रोसेसरचा बाऊल रुंद असतो आणि बहुतेक यंत्रांत त्याच्या पात्याचा वेग पट्टा किंवा गिअर लावून पुष्कळ कमी केलेला असतो. वेग कमी झाला की जोर वाढतो, आणि कणीक मळायला लागतो तो जोरच. त्यामुळे आपल्या जुन्या मिक्सरवर कणीक मळण्याचा प्रयत्न कोणी सुचवला तरी करू नये. त्या मोटरीवर तो अन्याय होईल.

कणकेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण इथेच सर्वांत जास्त अपेक्षाभंग होतो. बाऊलवर दोन किंवा अडीच लिटर असे माप लिहिलेले असते ते काठोकाठ भरलेल्या बाऊलचे असते, आणि एवढ्या बाऊलमध्ये एका वेळी साधारण अर्धा किलो पीठ नीट मळले जाते. अर्ध्या किलोच्या वीसेक चपात्या होतात. सात माणसांसाठी आणि डब्यांसाठी कदाचित दोन वेळा मळावे लागेल. पीठ, मीठ आणि चमचाभर तेल आधी घालून, यंत्र कमी वेगावर सुरू करून, वरच्या नळीतून पाणी बारीक धारेने सोडावे. अर्ध्या किलो गव्हाच्या पिठाला साधारण तीनशे मिलिलिटर पाणी लागते, परंतु पीठ गिरणीतून किती जाडसर आले आहे त्यावर हे कमीजास्त होते, म्हणून शेवटचे पाणी जपून घालावे. दीड-दोन मिनिटांत गोळा होऊन बाऊलच्या कडा सुटल्या की यंत्र लगेच बंद करावे. जास्त फिरवल्याने कणीक मऊ होत नाही, उलट गरम आणि चिवट होते. गोळा काढून वीस मिनिटे झाकून ठेवला आणि शेवटी हाताने एकदा सारखा केला की चपातीत फरक जाणवत नाही. हे शेवटचे मळणे अर्ध्या मिनिटाचे असते आणि ते आपण करू शकता.

भाकरीचे पीठ मात्र या यंत्राकडून मळून घेण्याची आशा धरू नये. आपल्या चिकोडी-निपाणी भागात रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी असते, आणि गव्हातील ज्या चिकट प्रथिनामुळे कणकेचा गोळा होतो ते ज्वारीत नाही. ज्वारीच्या पिठाला गरम पाण्याने चिकटपणा आणावा लागतो आणि एकेका भाकरीपुरते पीठ तळहाताने रगडावे लागते. यंत्रात ते फक्त ओले होऊन कडांना चिकटून बसते. विकणारे ही गोष्ट सांगत नाहीत, आणि घरी नेल्यावर "यंत्र वाईट निघाले" असा समज होतो. सकाळच्या डब्याची चपाती यंत्राने आणि रात्रीची भाकरी हातानेच, अशी वाटणी मनात धरून खरेदी करावी. रात्रीची भाकरी सासूबाईंऐवजी दुसऱ्या कोणी मळावी हे घरात बोलून ठरवावे लागेल; ते कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले नाही.

कांद्याचे काम सोपे आहे, पण त्यालाही हात बसावा लागतो. कांद्याचे चार तुकडे करून बाऊल निम्म्यापेक्षा कमी भरावा आणि बटण सलग न दाबता तीन-चार वेळा क्षणभर दाबून सोडावे. याला 'पल्स' म्हणतात, आणि घेणार त्या यंत्रावर ही खूण आहे ना ते पाहावे. एवढ्याने कांदापोह्याला किंवा झुणक्याला चालेल असा कांदा चिरून होतो. उभा पातळ कांदा, कोबी, बटाट्याचे काप यांसाठी चकती लागते, गाजर-काकडीच्या किसासाठी दुसरी. या दोन चकत्या, मळायचे पाते आणि चिरायचे इंग्रजी एस अक्षरासारखे पाते, एवढ्या चार वस्तू आपल्या घराला पुरेशा आहेत. ओल्या नारळाचे लहान तुकडे याच एस पात्याने बारीक होतात. विळीवर खोवलेल्या खोबऱ्याइतके ते मऊ नसते, तरी आमटीच्या वाटणाला आणि चटणीला चांगले चालते. गणपतीत मोदकांचे सारण करायचे असेल तर मात्र खोवलेलेच घ्यावे.

दुकानदार ज्या पुष्कळ जोडण्या दाखवतील त्यांत मोसंबी पिळायचे शंकूसारखे भांडे, रसयंत्र, अंडे फेटायची चकती, बटाट्याच्या उभ्या फोडी करण्याची चकती असे बरेच काही असेल. त्यांची किंमत आपणच भरत असतो आणि त्या ठेवायला फडताळाचा एक कप्पाही आपणच मोकळा करत असतो. जोडण्यांची संख्या हे यंत्राच्या चांगुलपणाचे माप मी कधीच धरत नाही. त्याऐवजी वरची नळी किती रुंद आहे ते पाहावे. नळी अरुंद असेल तर प्रत्येक बटाटा आणि गाजर आधी सुरीने उभे चिरावे लागते, म्हणजे ज्या कामातून सुटका हवी तेच काम पुन्हा मनगटावर येते.

वॅटविषयी दुकानदारांचे म्हणणे अगदी चुकीचे नाही, पण आपल्यासाठी गैरलागू आहे. वॅट म्हणजे यंत्र किती वीज ओढते त्याचा आकडा. पात्यापर्यंत किती जोर पोहोचतो हे मोटर, गिअर आणि पाते यांच्या बांधणीवर ठरते. सहाशे ते साडेसातशे वॅटचे नीट बांधलेले यंत्र अर्धा किलो कणीक व्यवस्थित मळते. हजार वॅटच्या मोहाने बजेट वाढवण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या बाऊलवर खर्च झालेले बरे. विजेच्या बिलाची काळजी करण्याचे कारण नाही. साडेसातशे वॅटचे यंत्र रोज दहा मिनिटे चालवले तरी महिन्याला चार युनिटांच्या आतच वीज लागते, आणि कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत आपली मर्यादा काठावर असेल तरच एवढ्या युनिटांचा विचार करावा लागेल.

विजेचा दाब उतरण्याचा प्रश्न मात्र गंभीरपणे घ्यावा. या मोटरीला थंड ठेवणारा पंखा मोटरीच्याच दांड्यावर बसवलेला असतो. दाब उतरला की मोटर मंदावते, तिच्याबरोबर पंखाही मंदावतो, आणि कणकेचा भार मात्र तेवढाच राहतो. अशा वेळी मोटर आतून तापते. म्हणून संध्याकाळी दिवे मंद दिसत असतील किंवा छताचा पंखा सावकाश फिरत असेल तेव्हा कणीक मळू नये. कांदा चिरायला हरकत नाही. आपली कणीक पहाटेची असल्यामुळे बहुधा अडचण येणार नाही. यंत्र मध्येच बंद पडले तर घाबरू नये. बहुतेक यंत्रांच्या तळाशी लाल बटण असते, जास्त भार आला की ते मोटरीची वीज तोडते. प्लग काढून, यंत्र पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ देऊन, बाऊलमधील कणीक थोडी कमी करून मग ते बटण दाबावे. घरात लहान इन्व्हर्टर असेल तर त्यावर हे यंत्र चालवू नये. आणि तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हे यंत्र घरी येण्यापूर्वीच वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण ओल्या हातांनी वापरायचे हे यंत्र आहे.

आता किंमत. आजच्या बाजारात नामांकित कंपन्यांचे प्रोसेसर पाच हजारांच्या आतबाहेर सुरू होतात आणि दहा हजारांच्या पुढे जातात, तेव्हा आपल्या सहा हजारांत साधे पण पुरेसे यंत्र मिळू शकते. बजाज, उषा, इनाल्सा, फिलिप्स, प्रीती अशी नावे आपल्याला दुकानात दिसतील. यांतील अमुकच घ्या असे मी सांगणार नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन यंत्रांत बाऊल आणि झाकण यांची बांधणी अगदी वेगळी असते. आयएसआय चिन्ह असावे. बाऊल पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे जाड, पारदर्शक आणि सहसा न तडकणाऱ्या प्लास्टिकचा असावा. आणि विकत घेण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा: या यंत्राचा बाऊल, झाकण, पट्टा आणि कपलर (मोटरीचा जोर पात्यापर्यंत नेणारा जोडतुकडा) सुटे मिळतात का, आणि कुठे? प्रोसेसरची मोटर फार क्वचित जळते. मोडतो तो झाकणाचा कुलपात बसणारा छोटा दात, आणि तो मोडला की सुरक्षेच्या सोयीमुळे सगळे यंत्रच मुके होते. झाकण सुटे मिळाले तर काम थोडक्यात भागते, नाही मिळाले तर यंत्र भंगारात जाते. मोटरवर पाच वर्षांची वॉरंटी असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते तेव्हा बाऊल, पाती, रबरी वॉशर आणि कपलर यांना ती बहुधा लागू नसते. कार्डावरील बारीक मजकूर दुकानातच वाचून घ्यावा. घरगुती यंत्रावर विक्रीसाठी माल तयार केला तर वॉरंटी जाते, हेही त्याच कार्डावर असते. बचत गटाचा काही बेत असेल तर त्याला वेगळे यंत्र लागेल.

खरेदी कुठे करावी याचे उत्तर आपल्या गावाच्या जागेमुळे सोपे होते. जिल्ह्याचे ठिकाण बेळगाव असले तरी निपाणीहून ते सत्तर किलोमीटरच्या पुढे आहे आणि कोल्हापूर चाळीसच्या आसपास. यजमान रोज कागलपर्यंत जातातच, तेव्हा दुरुस्तीसाठी यंत्र नेणे-आणणे कोल्हापूरच्या बाजूलाच सोयीचे पडेल. म्हणून ज्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात चालू आहे तिचेच यंत्र घ्यावे. पत्ता कागदावर असून भागत नाही, यजमानांनी एकदा तिथे डोकावून यावे. खानापूरच्या किंवा बेळगाव तालुक्यातील वाचकांनी याच न्यायाने गणपत गल्ली, खडेबाजार भागातील दुकाने आणि शहरातील सर्व्हिस सेंटर धरून चालावे. राज्याची हद्द ओलांडून खरेदी केल्याने आपला हक्क कमी होत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापुरात घेतलेल्या यंत्राबद्दल बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येईल, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्कही नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. यासाठी पक्के बिल आणि दुकानाचा शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड मात्र हवे. बिलाशिवाय मिळणारी दोन-तीनशे रुपयांची सूट घेऊ नये.

यजमानांनी सुचवलेल्या दोरीच्या चॉपरला मी कमी लेखत नाही. दोन-तीन कांदे, मिरच्या, कोथिंबीर यांसाठी तो उपयोगी आहे आणि काही शे रुपयांत येतो. परंतु दोरी ओढण्याचा झटका मनगटालाच बसतो, म्हणून सासूबाईंच्या हाती तो देऊ नये. आपण स्वतः घाईच्या वेळी वापरणार असाल तर घ्यावा.

जुना मिक्सर मोडीत देऊन सूट घेण्याचा आग्रह होईल, तो मानू नये. बहुतेक प्रोसेसरबरोबर मिक्सरची भांडीही येतात, तरी कोरडे आणि कठीण वाटण जुन्या मिक्सरकडेच ठेवावे: सुके खोबरे, तीळ, धणे, भाजलेली संकेश्वरी किंवा ब्याडगी मिरची. वर्षाचा कांदा-लसूण मसाला तर दोन्हींपैकी कशातही न करता कांडप गिरणीवरच न्यावा. नव्या यंत्राकडे कणीक, चिरणे आणि किसणे एवढेच राहिले तर त्याच्या बाऊलला मसाल्याचा पिवळा डाग आणि वासही लागणार नाही. पुरणाच्या बाबतीत एक सावधगिरी: शिजवलेली डाळ गरम असताना बंद बाऊलमध्ये फिरवू नये. कोंडलेल्या वाफेने झाकण उसळते आणि प्लास्टिकही तडकते. डाळ निवू द्यावी, किंवा पुरणयंत्रच वापरावे.

यंत्र ओट्यावर कायमचे ठेवता येईल एवढी जागा आधी मोजून घ्यावी. त्याच्या पायांना रबरी चोखण्या असतात, त्या ओट्याला घट्ट चिकटतात, आणि दर वेळी उचलून खाली ठेवणे हे सासूबाईंच्या मनगटाला मळण्याइतकेच जड जाईल. धुताना एस पाते सर्वांत आधी काढून बाजूला धुवावे. साबणाच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात ते टाकू नये, कारण तळाशी गेलेले पाते दिसत नाही आणि हात कापतो. कणीक चिकटलेला बाऊल लगेच पाण्याने भरून ठेवला की दहा मिनिटांनी सहज निघतो.

दुकानात परत घेण्याची किंवा बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावर लिहून घ्यावे आणि त्या मुदतीतच तीन गोष्टी करून पाहाव्यात: अर्धा किलो कणीक दोनदा, मध्ये दहा मिनिटांची विश्रांती देऊन, एक किलो कांदा, आणि बटाट्याचे काप. मळताना यंत्र ओट्यावर सरकत असेल, जळका वास येत असेल किंवा झाकणातून पीठ बाहेर उडत असेल तर ते सवयीने सुधारेल असे मानू नये, बदलून मागावे. पहिल्या वापरात नव्या मोटरीचा हलका वास येतो, तो दोन-तीन दिवसांत जातो. धूर मात्र कधीच दिसता कामा नये.

सासूबाईंच्या मनगटाचे दुखणे वर्षानुवर्षांचे आहे, तेव्हा त्यांना एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. रात्री बोटांना मुंग्या येत असतील किंवा हातातून वस्तू सुटत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कोल्हापूरला यंत्र पाहायला जाल त्याच दिवशी हे कामही उरकता येईल. आणि त्याच फेरीत जुना मिक्सर पिशवीत घालून न्यावा: त्याचे कार्बन ब्रश आणि भांड्याखालचा कपलर तपासून गरज पडल्यास बदलून घेतले, तर थोड्या खर्चात तो कोरड्या वाटणासाठी आणखी काही वर्षे चालेल.